सरांचा उजवा खांदा

सर आले तेच मुळी तोंड वाजवत. दार पुरतं उघडलंही नव्हतं, तोच बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, "इथं मालीश कोण करतं?"

थोरल्या मॅडम एका आजोबांच्या गुडघ्यावर शेकाची पिशवी बांधत होत्या, त्यांनी मान वर केली. धाकट्या मॅडमनं केली नाही. तिला आवाजावरूनच कळलं होतं. हा आवाज ऐकला की ती अजूनही आपसूक ताठ उभी राहायची. पस्तिशी उलटलेल्या, स्वतःचा दवाखाना थाटलेल्या बाईनं एका म्हाताऱ्याच्या आवाजानं असं ताठ उभं राहावं, याचाच तिला जास्त संताप आला.

फिजिओथेरपीचा हा दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली तळमजल्यावरची एक लांबट खोली. मध्ये पडदे, दोन टेबलं, भिंतीला कप्पी आणि दोर, एक लाकडी शिडी, कोपऱ्यात रबरी पट्ट्यांचा गुंता. दोघी भागीदार. पेशंट एकीला थोरल्या मॅडम म्हणत, दुसरीला धाकट्या. कुणाची मान आखडलेली, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा घोटा मुरगळलेला. हाड मोडलेल्यांचं कौतुक होतं, फुलं येतात, प्लॅस्टरवर सह्या होतात. स्नायू फाटलेल्या माणसाला घरचेसुद्धा म्हणतात, काही दिसत तर नाहीये! अशा न दिसणाऱ्या दुखण्यांवर या दोघींचं पोट होतं.

सरांचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता. पडदा डाव्या हातानं बाजूला सारून ते आत आले आणि धाकटीला बघताच त्यांचा चेहरा उजळला. "अरेच्चा! ही तर आमची रडूबाई!"

आजोबा हसले. बाकावरची एक बाईही हसली. धाकटी म्हणाली, "बसा, सर." दुसरं काय म्हणणार?

आता हे रडूबाईचं प्रकरण सांगायलाच हवं. सर म्हणजे पोहण्याचे सर. तलावावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. रोज पोरांना पाण्यात सोडण्याआधी ते विचारायचे, "कुणाला काही दुखतंय?" या प्रश्नाला एकच उत्तर असायचं. जो कुणी "हो" म्हणेल त्यानं पोहायच्या कपड्यांत काठावर उभं राहायचं, सगळ्यांचं पोहून होईपर्यंत. पोरं येता-जाता बघायची, दात काढायची. धाकटी शाळकरी असताना एकदा म्हणाली, "सर, खांदा दुखतोय." तिला काठावर उभं केलं आणि तिचं बारसं केलं, रडूबाई. त्यानंतर तिनं चकार शब्द काढला नाही. अख्खा हंगाम दुखरा खांदा ओढत पोहली. शेवटी शेवटी तिला स्वतःची वेणी घालता येईना, तेव्हा कुठं डॉक्टरांना दाखवलं, आणि डॉक्टर म्हणाले, पोहणं संपलं. घरी आईचं एकच पालुपद, सर काय उगाच ओरडतात का? आजही धाकटी त्या कुशीवर झोपू शकत नाही, आणि बॅग फळीवर ठेवायची म्हटली की नवऱ्याला हाक मारते.

आणि सरांचं काय झालं होतं? ज्या काठावर त्यांनी पोरं उभी केली त्याच ओल्या काठावरून पाय घसरून आपटले. खांद्याच्या स्नायूचं हाडाला धरून राहणारं टोक फाटलं. डॉक्टरांनी ते टाके घालून पुन्हा हाडावर बसवलं आणि चिठ्ठी देऊन इकडं पाठवलं. तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. तो उघडेपर्यंत सरांचा हात सरळ डोक्यावर गेला आणि बुडत्या पोराला काठापर्यंत ओढून आणता आलं, तर जागा त्यांची. नाही तर दुसऱ्या तलावावरचा एक तरणाबांड शिक्षक टपूनच बसला होता. सरांना मूलबाळ नव्हतं, छंद नव्हता, मित्र म्हणावा असा एक माणूस नव्हता. होता तो तलाव. हे सगळं धाकटीला त्यांच्या बायकोनं सांगितलं. सर कशाला सांगतात!

पहिल्या दिवशी ते गेल्यावर थोरलीनं पडदा ओढून घेतला. "हा पेशंट मला दे."

"का?"

"आरशात तोंड बघ आपलं, म्हणजे कळेल का."

"मी बघते त्यांना."

"बघशील गं. पण कशी बघशील, त्याची धास्ती वाटते मला."

"पेशंट आहे तो माझा," धाकटी म्हणाली. खरं तर तिला तो खांदा हवा होता. बरा करण्यासाठी की कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

या कामात एक नाजूक जागा असते. शिवलेलं टोक हाडाला धरायला वेळ लागतो. तोवर पेशंटनं हात आपण होऊन उचलायचा नाही. थेरपिस्टनं तो आपल्या दोन्ही हातांत पेलायचा, हळूहळू वर न्यायचा आणि खांदा जिथं अडेल तिथं थांबायचं. फारच जपलं तर खांदा आखडून बसतो. जास्त ओढलं तर टाका उसवतो. मधली जागा अगदी चिंचोळी, आणि ती सापडायची तर पेशंटनं खरं बोलावं लागतं. म्हणून सारखं विचारायचं, दहापैकी किती दुखतंय?

"किती, सर?"

"दोन."

"आता?"

"दोन."

"आता?"

"बहिरी आहेस का? दोन म्हटलं ना!"

पण धाकटीनं त्यांच्या पायांकडं बघितलं. दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी आवळली होती, नखं पांढरीफटक. चेहरा दगडाचा, आणि पायाची बोटं बोंब मारत होती. ती तिथंच थांबली आणि हात खाली आणला.

"झालं? एवढ्यात दमलीस? तेव्हाही अशीच होतीस तू, अर्ध्यातून पळ काढणारी."

तिनं दातओठ खात झोळी बांधली. ही अशी सुरुवात.

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. ती बोटं बघून थांबायची, ते टोमणे मारायचे. हात वर जात होता, पण गोगलगायीच्या चालीनं. म्हातारा भलता खवचट. टेबलावर पडल्या पडल्या शेजारच्या पडद्याआडच्या पेशंटांवर हुकमत गाजवायचा. "अहो बाई, उचला तो हात! मरत नाही माणूस!" एकदा एका बाईनं खरंच ऐकलं. तिचा खांदा आखडलेला, बिचारीनं सरांच्या धाकानं हात झटक्यात वर केला आणि कळ येऊन मटकन खाली बसली. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, हा तलाव नाही! इथं तुमचं तोंड बंद ठेवायचं!"

"तोंड बंद ठेवतो, तू हात चालव. मालीशवालीसुद्धा तुझ्यापेक्षा जोरात दाबते."

"मग जा मालीशवालीकडं!"

"डॉक्टरांनी इथं पाठवलंय. नाही तर मला काय हौस आहे तुझं थोबाड बघायची?"

थोरली मध्ये पडली, नाही तर त्या दिवशी काही खरं नव्हतं. पण सर तिथं थांबले थोडेच? त्यांनी डॉक्टरांकडं तक्रार केली, ती पोरगी हात लावत नाही, नुसती कुरवाळत बसते. डॉक्टरांचा फोन आला. अगदी गोड आवाजात ते म्हणाले, "जरा वेग वाढवायला हरकत नाही. पेशंट म्हणतोय, दुखणं फारसं नाही." धाकटी "बरं" म्हणाली आणि फोन आपटला.

सरांची बायको, म्हणजे काकू, त्यांना सोडायला यायच्या आणि बाहेर बाकाच्या अगदी टोकाला बसायच्या, जणू बाकावरसुद्धा त्यांचा हक्क नाही. एक दिवस सर कपडे घालत असताना त्या धाकटीला दारात गाठून हळूच म्हणाल्या, "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस हं. झोप लागत नाही त्यांना. उशीत तोंड खुपसून कण्हत असतात. मी विचारलं तर म्हणतात, दात दुखतोय."

"दात?"

"खांदा म्हणायला जीभ रेटत नाही. तू तुझ्या अंदाजानं कर, बाई. ते सांगतील त्यावर विसंबू नकोस. एवढं लक्षात ठेव."

"ठेवीन," धाकटी म्हणाली.

म्हणजे बघा, तिला माहीत होतं. डोळ्यांनी दिसत होतं, हाताला कळत होतं, वर बायकोनं येऊन सांगितलं होतं. यापरतं कुणी काय सांगायचं?

मग तो दिवस आला. सर आत शिरले तेच धुमसत. तलावाचं काम संपत आलं होतं, आणि तो तरणाबांड शिक्षक तिथं काठावर उभा राहून रंगाऱ्यांना सूचना देताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या तलावावर! माझ्या काठावर! शर्ट काढताना त्यांनी एक बटण तोडलं. थोरली त्या दिवशी आली नव्हती, तिच्या सासऱ्यांचं काहीतरी निघालं होतं. पडद्याआड ही दोघंच.

"आज हात वर गेला पाहिजे," सर टेबलावर आडवे होत म्हणाले. "पुरे झाले तुझे लाड."

"जाईल तेवढा जाईल."

"तुझ्यासारख्यांमुळंच माणसं अधू राहतात. स्वतः घाबरट, म्हणून दुसऱ्यालाही घाबरवायचं."

तिनं त्यांचं कोपर आणि मनगट पेललं आणि हात उचलायला घेतला.

"तुझ्या खांद्याला काहीही झालं नव्हतं," सर छताकडं बघत म्हणाले. "नाटक होतं ते. तुझी आईसुद्धा मला भेटायला आली होती. म्हणाली, सर, हिला पोहायचं नाही, बहाणे करते, तुम्ही ऐकू नका हिचं. मी म्हटलं, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

धाकटीचे हात जागीच थांबले. आई तलावावर येऊन असं बोलली होती, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आई आता नव्हती, विचारायला तरी जायचं कुणाकडं? तिला वाटलं, म्हातारा खोटं बोलत असेल. आणि त्याच क्षणी कळलं की नाही, हे खरं आहे, आई नेमकं असंच बोलली असणार. तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती दुखतंय, सर?"

"दोन."

तिनं पायांकडं पाहिलं. बोटं आवळलेली होती.

आणि मग तिनं एक गोष्ट केली. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्या डोक्यामागं जाऊन उभी राहिली. तसंही पकड तिथून चांगली बसते, कुणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. पण तिथून पाय दिसत नाहीत.

"आता किती?"

"दोन."

तिनं हात आणखी वर घेतला. खांदा अडला. ही थांबायची जागा, हे तिच्या बोटांनी तिला अगदी स्पष्ट सांगितलं.

"किती?"

"दोन! ओढ की! जीव नाही का अंगात?"

तिनं ओढला.

आवाज वगैरे काही झाला नाही. जुन्या अभ्र्याची शिवण सुटत जावी तसं काहीतरी तिच्या तळहाताला जाणवलं, आणि इतका वेळ अडून बसलेला हात एकदम हलका झाला. सरळ कानापर्यंत गेला. सरांच्या कपाळावर घामाचे थेंब फुटले, ओठ पांढरे पडले. त्यांनी मान तिरकी करून आपला हात पाहिला. तो डोक्यावर होता, सरळ, पार वर, जसा तलाव उघडायच्या दिवशी हवा होता तसाच.

"गेला!" ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता, तरी हसत होते. "गेला की नाही? बघ! शाबास! आता कसं! शाबास, पोरी!"

शाबास. हा एक शब्द ऐकण्यासाठी लहानपणी तिनं किती जीव काढला होता. पहाटे अंधारात उठली होती, पाण्यात रडली होती, कारण पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही. या माणसानं तो शब्द इतरांना दिला, तिला कधीच नाही. आणि आज दिला. तिच्या हातात त्यांचं मनगट होतं आणि ते सोडलं तर हात धप्पकन खाली पडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं हात सावकाश खाली आणला, बर्फ ठेवला, झोळी बांधली. "डॉक्टरांना दाखवून या," एवढंच म्हणाली.

"दाखवतो तर! दाखवतोच! बघू दे त्यांनाही!"

डॉक्टरांनी पाहिलं. तपासणीचे फोटो काढले. टाके उसवले होते, आणि फाटलेलं टोक आत इतकं मागं सरकलं होतं की आता पुन्हा ओढून शिवण्याजोगं काही उरलं नव्हतं. हात छातीपर्यंत येईल, जेवता-लिहिता येईल. डोक्यावर जाणार नाही. तलाव संपला.

डॉक्टरांनी विचारलं, हे झालं कसं? सर म्हणाले, घरी दाराच्या चौकटीला धरून मीच ताणत होतो. डॉक्टर त्यांच्यावर भरपूर चिडले आणि धाकटीला फोन करून म्हणाले, असले हेकट पेशंट तुमच्या माथी मारल्याबद्दल सॉरी.

"सुटलीस," थोरली म्हणाली. तिनं धाकटीकडं नीट पाहिलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं. "मी मागितला होता ना गं तुझ्याकडं तो पेशंट? का नाही दिलास?"

धाकटी कोपऱ्यातल्या रबरी पट्ट्यांचा गुंता सोडवत राहिली. सरांनी खोटं का सांगितलं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. ते काही तिला वाचवत नव्हते. एका पोरीसमोर दुखणं लपवता लपवता हात गमावला, हे कबूल करण्यापेक्षा त्यांना मूर्ख ठरणं परवडत होतं. उपकार म्हणावेत तर ते नव्हते, आणि तरी तिच्या मानगुटीवर बसले होते.

नंतर सर एकदा आले. हात कुठवर उचलतो ते मोजून डॉक्टरांना कळवायचं होतं. या वेळी दारात आरडाओरडा नाही. टेबलावर बसून त्यांनी शर्ट काढला. धाकटीनं मोजलं. खांद्याची गोलाई बसली होती, दंड सैल पडला होता. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "ओढलास तेव्हा तुला कळलं होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. साधी गोष्ट होती, म्हणायचं, नाही सर.

"हो," ती म्हणाली.

"दुखत होतं ते?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग थांबली का नाहीस?"

इतकी वर्षं हाच प्रश्न ती त्यांच्यासाठी जपून ठेवत आली होती. कधीतरी रस्त्यात गाठून, सगळ्यांसमोर, तोंडावर फेकायचा होता. आज तो त्यांच्या तोंडून आला, आणि तिच्याजवळ उत्तर म्हणून होतं ते त्यांचंच.

"तुम्ही दोन म्हणालात, सर."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. रडूबाई नाही, पोरी नाही, काहीच म्हणाले नाहीत. टेबलावरून उतरून शर्ट उचलला. डावा हात बाहीत गेला. उजव्या हाताला बाही सापडेना. त्यांनी खांदा वाकवला, कापड दातात धरून ओढलं, बाही पुन्हा निसटली. असं झालं की काय करायचं असतं हे तिच्या अंगवळणी पडलेलं, रोजचं काम तिचं. ती पुढं झाली आणि तिनं बाही धरायला हात लांब केले.

"हात लावू नकोस."

आवाज चढलेला नव्हता. तलावावर ते जसे ओरडायचे तसा तर मुळीच नाही. ते मागं सरकले, टेबलाच्या कडेवर आदळले, आणि तोंडावरून कळ सरसरत गेली ती त्यांनी या खेपेला लपवली नाही. अर्धा शर्ट तसाच पाठीवर लोंबत असताना ते पडदा सारून बाहेर गेले. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी मान खाली घातली. काकू उठल्या, त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांचा हात बाहीत घातला, बटणं लावली, आणि दोघं रस्त्यावर उतरून गेली. काकूंनी एकदाही आत पाहिलं नाही.

पुढची पाळी आखडलेल्या खांद्याच्या त्या बाईंची होती. त्या आत आल्या, टेबलावर बसल्या आणि रोजच्यासारखा आपला हात त्यांनी धाकटीच्या हवाली केला. "आज जरा जास्तच दुखतंय हं, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कळतंच म्हणा. तुमच्यावर सोडलं की मला काळजी नसते."

धाकटीनं तो हात क्षणभर पेलला. मग अलगद बाईंच्याच मांडीवर ठेवला.

"तुम्ही थोरल्या मॅडमकडं जा," ती म्हणाली.